आमच्या गल्लीतली ड्रेनेज लाईन

(मंडळाच्या माघी गणेश जयंतीच्या कार्यक्रमात, इंदूर येथे, एका ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. अनेक वाचकांच्या आग्रहावरून स्मरणिकेत देत आहोत. – संपादक मंडळ)



बाप्पासमोर कशावर बोलू, असे मी सचिवांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "काका, तुम्हाला जे येते त्यावर बोला." आता मला येते ते ड्रेनेज. नोकरीची सारी वर्षे मी ठेकेदारांकडे सुपरवायझर म्हणून मैल्याच्या लाईनी टाकण्यात घालवली. घरी जेवताना या विषयाला बंदी आहे. तेव्हा आज महाप्रसादाच्या आधी मला अर्धा तास मिळाला, याबद्दल समितीचे आभार, आणि आधीच क्षमाही मागतो.

आपले इंदूर २०१७ पासून देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून गाजते आहे. २०२१ मध्ये 'वॉटर प्लस' हा दर्जा मिळवणारे पहिले शहरही आपलेच. त्यासाठी खान आणि सरस्वती या दोन नद्यांत आणि नाल्यांत थेट जाऊन पडणारी हजारो तोंडे बंद करून ती ड्रेनेज लाईनला जोडावी लागली. 'नाला टॅपिंग' हा शब्द तेव्हापासून आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाहेरगावचे पाहुणे येतात, छप्पन दुकानवर पोहे-जिलबी खातात, रस्ते पाहून थक्क होतात. आपणही मिरवतो. मिरवावेच. पण या स्वच्छतेचा अर्धा भाग जमिनीच्या खाली आहे आणि तो खाली घालताना वरच्या माणसांचे काय होते, यावर कोणी बोलत नाही. मीही बोलत नव्हतो. जोवर खड्डा दुसऱ्याच्या दारात होता तोवर माझ्या लेखी तो 'रनिंग मीटर' होता. मग एका वर्षी तो माझ्या दारात आला.

आधी थोडे शास्त्र सांगतो, कारण ते कळल्याशिवाय राग नेमका कोणावर धरायचा ते कळत नाही.

नळाचे पाणी दाबाने चालते. त्याची लाईन वर-खाली, वाकडी-तिकडी, कशीही नेली तरी पाणी येते. ड्रेनेजला मागून ढकलणारे कोणी नाही. ते फक्त उतारावर चालते. उतार कमी पडला तर मैला खाली बसतो. म्हणून आपल्या गल्लीत टाकतात तशा सहा इंची पाइपाला साधारण दीडशे ते पावणेदोनशे फुटांमागे एक फूट उतार द्यावाच लागतो. आमची गल्ली सहाशे फूट लांब. वरच्या टोकाला साडेचार फुटांवर सुरू केलेला पाइप खालच्या टोकाला साडेआठ फुटांवर जातो. रस्ता सपाट दिसत असला तरी खालचा चर खोल खोल होत जातो, तो असा. आणि म्हणूनच गल्लीच्या खालच्या टोकाच्या लोकांना जास्त दिवस, जास्त माती आणि जास्त धोका सोसावा लागतो. पुन्हा दर शंभर फुटांच्या आत एक चेंबर हवे, आणि दोन चेंबरांच्या मध्ये पाइप सुतासारखा सरळ हवा. एका चेंबरमध्ये दिवा धरायचा, दुसऱ्यात आरसा, आणि आरशात दिव्याचे पूर्ण गोल तोंड दिसले पाहिजे. अर्धचंद्र दिसला की पाइप बसका आहे. ही तपासणी जुनी आहे, स्वस्त आहे, आणि घाईच्या कामात सर्वांत आधी वगळली जाते तीही हीच.

आता मातीचा हिशोब पाहा. सहाशे फूट लांब, तीन फूट रुंद, सरासरी साडेसहा फूट खोल. एवढा चर खणला की जी माती वर येते ती मोकळी होऊन फुगते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने वाहायची म्हटली तर सव्वाशेच्या आसपास ट्रॉल्या होतात. आमची गल्ली ओटे धरून चौदा फुटांची. मध्ये तीन-साडेतीन फुटांचा चर, दोन्ही बाजूंना सव्वापाच-साडेपाच फूट उरतात. त्यातल्या एका बाजूला ही सव्वाशे ट्रॉल्या माती. म्हणजे एका ओळीतल्या घरांच्या दारात डोंगर आणि दुसऱ्या ओळीतल्या घरांच्या दारात दरी. मधल्या माणसाने जायचे कुठून?

त्यात आपली माळव्याची काळी माती. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी लागले की फुगते. उन्हाळ्यात उभा खणलेला चर भिंतीसारखा ताठ राहतो, ठेकेदाराला वाटते आधाराच्या फळ्यांची गरज नाही. पहिला पाऊस झाला की तीच भिंत खाली येते. चार-पाच फुटांखाली कुठे कुठे काळा खडक लागतो, तिथे ब्रेकर लावावा लागतो, आणि गल्लीतल्या जुन्या मातीच्या भिंतींना तडे जातात. हे सारे मला पाठ होते. तरीही.

आमच्या गल्लीत काम निघाले ते अक्षय्य तृतीयेनंतर. तीन आठवड्यांत संपवू, असे सांगितले. मी मनात म्हटले, पाच तर लागतीलच. जेसीबी आली आणि पहिल्याच दिवशी सबंध सहाशे फूट एका दमात खणून ठेवले. हे का करतात ते सांगतो. मशीन भाड्याची असते. ती एकदा आली की जेवढे खणता येईल तेवढे खणून घ्यायचे, आणि बिलात खोदकाम दाखवायचे. पाइप मागाहून येतात, चेंबरचा मिस्त्री त्याहून मागाहून, आणि रस्ता पुन्हा करणारा तर बहुधा वेगळाच ठेकेदार असतो. नोकरीत असताना मी स्वतः असे केले आहे. त्या दिवशी ओट्यावर उभा राहून मी ते पहिल्यांदा दुसऱ्या बाजूने पाहिले.

पहिल्या आठवड्यात जेसीबीच्या दातांनी सात घरांचे नळ तुटले. टँकर मागवला तर तो गल्लीत येईना. बायका कोपऱ्यापासून घागरी आणत होत्या, चराच्या काठाकाठाने. गॅसवाला कोपऱ्यावरून फोन करून परत जायचा. खालच्या टोकाला राहणाऱ्या एक आजी, वय शहात्तर, पहाटे देवळात जायला निघाल्या आणि फळीवरून पाय घसरला. चरात पडल्या नाहीत, काठावर आपटल्या, पण खुब्याचे हाड मोडले. त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी गल्लीबाहेर काढले, कारण रुग्णवाहिका आत येणे शक्यच नव्हते. त्या पुढे दोन वर्षे होत्या, पण घराबाहेर पुन्हा पडल्या नाहीत. त्या फळीला कठडा करायला दोन बांबू आणि सुतळी पुरली असती. गल्लीत साइटचे काम जाणणारा एकच माणूस होता, आणि तो आज तुमच्यासमोर उभा आहे.

दुकानांचे सांगतो. आमच्या गल्लीत तेव्हा नऊ दुकाने. त्यांतली एक पिठाची चक्की, एक डॉक्टरांचा दवाखाना, एक किराणा, एक शिंपी, बाकी अशीच लहानसहान. नुकसान सर्वांचे झाले, पण सारखे झाले नाही, आणि हीच गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. किराणावाल्याचा अर्धा धंदा उधारीवर आणि आमच्याच गल्लीचा. आम्ही कुठे जाणार? त्याचे भागले. डॉक्टरांचे म्हातारे रुग्ण यायचे बंद झाले, पण त्यांनी संध्याकाळी दुसरीकडे बसायला सुरुवात केली. चक्कीवाल्याचे मात्र मोठे नुकसान झाले. डोक्यावर दहा किलोचा डबा घेऊन फळीवरून कोण येणार? लोक पलीकडच्या चक्कीवर जाऊ लागले, आणि रस्ता झाल्यावरही तिकडेच जात राहिले. सवय एकदा मोडली की परत बसत नाही. रस्ता बुजवता येतो, गिऱ्हाईक परत आणता येत नाही.

शिंपीदादांचा धंदा वर्षभर बेताचा. पँट आखूड करणे, ब्लाऊज, पडद्यांच्या शिलाया. वर्षाची खरी कमाई मे आणि जून या दोन महिन्यांत, शाळेच्या गणवेशांची. आसपासच्या तीन शाळांची मुले त्यांच्याकडे मापे द्यायला येत. त्या कमाईवर दुकानाचे भाडे आणि मुलीची फी निघायची. चर खणला मे महिन्यात. आया मुलांना घेऊन कोपऱ्यापर्यंत यायच्या, आत डोकावायच्या आणि परत जायच्या. त्या लहान पोरांना फळीवरून कोणती आई आणील? दादांनी कोपऱ्यावर टेबल टाकून मापे घेण्याचा प्रयत्न केला, तर अतिक्रमणवाल्यांनी टेबल उचलून नेले. त्या वर्षी त्यांनी नेहमीच्या चौथाईही गणवेश शिवले नसतील. सरकारी कागदावर लिहायचे झाले तर त्यांचे 'सहा आठवड्यांचे नुकसान' झाले. प्रत्यक्षात सबंध वर्ष गेले. दिवाळीनंतर त्यांनी दुकान सोडले. आज ते एका मोठ्या रेडीमेडच्या दुकानात महिन्याच्या पगारावर ऑल्टरेशन करतात. मी भेटलो की हसून विचारतात, "काय काका, लाईन चालू आहे ना?" चालू आहे. छान चालू आहे.

तीन आठवड्यांचे काम का लांबले, तेही सांगतो. जूनच्या मध्यावर पाऊस आला तेव्हा पाइप निम्मेच बसले होते. काठ ढासळले. घाईघाईने माती लोटून चर बुजवला. थर देऊन, पाणी मारून, धुमस करून बुजवायला हवा होता, तो नुसता ढकलला. श्रावणात सबंध गल्ली मधोमध बसली आणि चिखलाचा कालवा झाला. गणेश चतुर्थीला आपल्या मंडळाची मूर्ती आणली ती आठवत असेल तुम्हाला, पोरांनी खांद्यावर घेऊन गुडघाभर चिखलातून आणली. दसऱ्यानंतर पुन्हा खणले, कारण मधले दोन पाइप निखळले होते आणि आरशात दिवा तर दिसतच नव्हता. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सिमेंटचा रस्ता झाला. तीन आठवड्यांचे सहा महिने झाले.

आता कोणी म्हणेल, एवढा त्रास, मग लाईन हवी कशाला? हा प्रश्न नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी याच शहरात तो विचारला गेला होता. होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला इथे बोलावले. तेव्हा प्लेगची साथ होती. १९१७ च्या दिवाळीत गेडिस यांनी एक दिवसाचा राजा होऊन मिरवणूक काढली. जो मोहल्ला सर्वांत स्वच्छ तिथून मिरवणूक जाईल, अशी दवंडी दिली, आणि लोकांनी घरातला-अंगणातला कचरा गाडीगाडीने बाहेर काढला. त्यांच्या चरित्रांतून ही गोष्ट रंगवून सांगतात. पुढे १९१८ मध्ये त्यांचा दोन खंडांचा अहवाल निघाला. त्यात त्यांनी मोठ्या खर्चाच्या भूमिगत ड्रेनेजच्या कल्पनेवर टीका केली आहे. मैला गटारात लोटण्याऐवजी बागांच्या मातीत जावा, आणि इंजिनियरने आधी गल्लीतली माणसे, घरे, झाडे पाहावीत, मग नकाशावर रेघ ओढावी, असे त्यांचे म्हणणे.

मी ड्रेनेजचा माणूस, मला ते वाचून आधी राग आला होता. शहर एवढे वाढल्यावर मैला बागेत कुठवर घालणार? त्या मुद्द्यावर काळाने त्यांना बाजूला सारले. पण दुसऱ्या मुद्द्यावर, रेघ ओढण्याआधी गल्ली पाहण्याच्या, त्यांचे म्हणणे मला आमच्या ओट्यावर उभे राहिल्यावर पटले. आमच्या लाईनचा नकाशा ज्याने काढला त्याने गल्ली पाहिली असती तर खालच्या टोकाची चार घरे त्याच्या ध्यानात आली असती. या घरांची मागची बाजू नाल्यावर. त्यांचे संडास पिढ्यान्‌पिढ्या मागे, पाइप थेट नाल्यात. आता नाला बंद आणि नवी लाईन समोर, रस्त्यात. म्हणजे संडासाचा पाइप मागून पुढे आणायचा, तोही उतार सांभाळून, म्हणजे स्वयंपाकघर, माजघर आणि बैठक यांची फरशी फोडून. एका घरात देवघर मध्ये येत होते. लाईन निगमने टाकली, पण घरातली तोडफोड ज्याची त्याने करायची. एका विधवा ताईंना त्यासाठी सोन्याच्या पाटल्या गहाण ठेवाव्या लागल्या. शहराच्या वॉटर प्लसमध्ये त्या पाटल्याही आहेत.

आणि तरीसुद्धा मी म्हणतो, लाईन हवीच. आमच्या गल्लीतले उघडे गटार आता कोरडे आहे. डास कमी झाले, घुशी गेल्या. ज्या ताईंनी पाटल्या गहाण ठेवल्या, त्याच मला म्हणाल्या की मागची खिडकी तीस वर्षांत पहिल्यांदा उघडली.

लाईन नीट नसेल तर काय होते, ते डिसेंबर २०२५ च्या अखेरीस आपल्याच शहरात भागीरथपुऱ्यात दिसले. पिण्याच्या पाण्याच्या लाईनला गळती, तिथेच मैल्याचे पाणी, आणि ते नळातून घराघरांत. शेकडो लोक आजारी पडले, माणसे दगावली. देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरात. त्या दिवसांत मला झोप लागली नाही. कारण नियम पुस्तकात पहिल्या पानांवर असतो: पिण्याची लाईन वर, मैल्याची खाली, आणि दोन्हींत पुरेसे अंतर. पण चौदा फुटांच्या गल्लीत, जिथे जुन्या लाईनींचा नकाशाच कोणाकडे नाही, तिथे जेसीबी अंदाजाने खणते, नळ तुटतो, प्लंबर रबराची पट्टी गुंडाळतो आणि संध्याकाळी माती लोटून सगळे घरी जातात. आमच्या गल्लीत तुटलेले सात नळ असेच बांधले होते. मी त्यातले चार उघडे पाडून पुन्हा करून घेतले. तीन रस्त्याखाली गेले. त्यांपैकी एकाचे पाणी एका उन्हाळ्यात पिवळे आले, तेव्हा नवा रस्ता फोडावा लागला.

आणखी एका माणसाविषयी बोललो नाही तर हे भाषण अपुरे राहील. चरात उतरणारा मजूर. आपल्याकडे हे काम करायला बहुतेक झाबुआ-अलिराजपूरकडची कुटुंबे येतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ताडपत्रीखाली सहा महिने एक कुटुंब राहत होते. नळ तुटला की आम्ही त्यांच्यावर ओरडायचो. त्यांच्या हातात काय होते? किती खणायचे, कधी बुजवायचे, फळ्या लावायच्या की नाही, हे ठरवणारा माणूस मोटारीतून येऊन जायचा. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाच्या वर असते. माणूस कमरेपर्यंत गाडला गेला तरी हाताने ओढून निघत नाही. म्हणून माणसाच्या उंचीच्या चरालासुद्धा आधार हवाच. आणि चालू लाईनच्या चेंबरमध्ये तर कोणी माणूस उतरवत असेल तर तिथेच अडवा. त्यातल्या वायूला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण तो जास्त झाला की नाकच बधिर होते, वास यायचा थांबतो आणि माणसाला वाटते धोका टळला. २०१३ च्या कायद्याने साधनांशिवाय माणसाला असे उतरवणे गुन्हा ठरवले आहे. असे मृत्यू झाल्यास कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले, आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. आपले चेंबर तुंबले की आपणच फोन करून 'एखादा माणूस पाठवा' म्हणतो. मशीन पाठवा म्हणायचे.

दुकानदारांच्या भरपाईचे विचाराल, तर आपल्याकडे जमीन घेतली तर पैसे मिळतात, पण गिऱ्हाईक गेले तर मिळत नाहीत. फ्रान्समध्ये ट्रामसाठी रस्ते उकरताना दुकानदारांचे नुकसान तपासून भरपाई ठरवणाऱ्या समित्या नेमतात. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहराने २०१८ मध्ये मोठ्या खोदकामातल्या दुकानांसाठी मदतीची योजना सुरू केली. आपल्याकडे तसे काही होईपर्यंत निदान हातगाडीवाल्यांनी एवढे लक्षात ठेवावे की २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे त्यांना हलवायचे तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवालीला सकाळी सांगितले होते, दुपारी जेसीबी आली.

मग करायचे काय? काम अडवायचे नाही. मी अडवण्याच्या विरुद्ध आहे. अडलेले काम हे अर्धवट कामाचे दुसरे नाव. आमच्या शेजारच्या गल्लीचे काम पुढच्या वर्षी निघाले तेव्हा आपल्या मंडळाने जे केले ते सांगतो, कारण नव्या मुलांना ते माहीत नाही.

वर्गणीसाठी घरोघर जाणारी आपली पोरे. कोणाच्या घरी कोण आजारी, कोणाची प्रसूती जवळ आली, कोण एकटे राहते, हे त्यांच्याइतके पार्षदांनाही ठाऊक नसते. त्यांनी एक वही केली. त्यात घराघरांची माहिती लिहिली, आणि जुन्या माणसांना विचारून नळाची लाईन कुठून जाते त्याचा हाताने काढलेला नकाशा. दुकानदारांना विचारले, तुमचा हंगाम कोणता? एका राखीवाल्याने श्रावण सांगितला, वह्या-पुस्तकांच्या दुकानाने जून. ही वही घेऊन आम्ही पाच जण झोन कार्यालयात गेलो. आरडाओरडा केला नाही. मी ठेकेदाराच्या भाषेत बोललो, तेवढाच माझा उपयोग. आमचे म्हणणे एकच होते: एका वेळी एका चेंबरपासून दुसऱ्या चेंबरपर्यंतच खणायचे. शंभर फूट. पाइप, दिवा-आरसा, पाण्याची तपासणी, त्याच वेळी त्या टप्प्यातल्या घरांची जोडणी, थर देऊन बुजवणे, मग पुढचे शंभर फूट.

ठेकेदार म्हणाला, मशीनचे भाडे मला परवडत नाही. खरे होते ते. तेव्हा असे ठरले की मशीन एका दिवसाआड येईल आणि मधल्या दिवशी पलीकडच्या गल्लीत खणेल. तिथल्या मंडळालाही हे पटवावे लागले, आणि मंडळी, ते निगमला पटवण्यापेक्षा अवघड गेले! माती उचलून मैदानावर नेली, त्यासाठी रात्री अकरापर्यंत पोरांनी ट्रॅफिक सांभाळला. दर पन्नास फुटांवर कठड्याची फळी आणि रात्री दिवा. फळ्यांचे पैसे मंडळाच्या डेकोरेशनच्या खात्यातून गेले, म्हणून त्या वर्षी आपला देखावा साधा होता. काही सभासद नाराज झाले होते, ते आज इथे बसले आहेत, मी नावे घेत नाही.

सगळे सुरळीत झाले असे नाही. खडक लागला, आठ दिवस वाढले. एका घराचा नळ तुटलाच. आणि एक पाइप उलट्या उताराने बसवला होता, तो आरशात सापडला, काढून पुन्हा घातला. पण काम सात आठवड्यांत संपले, कोणत्याही एका दारात खड्डा दहा-बारा दिवसांपेक्षा जास्त राहिला नाही, आणि वह्या-पुस्तकांच्या दुकानासमोरचा टप्पा आम्ही एप्रिलमध्येच उरकून घेतला होता. ते दुकान अजून आहे.

अनंत चतुर्दशीला मिलच्या झाँक्या पाहायला आपण रात्रभर रस्त्यावर असतो. त्या आधी पंधरा दिवस साऱ्या शहराचे खड्डे कसे भराभर बुजतात, हे आपण पाहतो. म्हणजे तारीख पक्की असली की काम होते, यंत्रणेला ते येते. गल्लीच्या कामाला तशी तारीख नसते, आणि ती मागायला कोणी जात नाही.

असो. महाप्रसादाचा वास येऊ लागला आहे, आणि माझ्या विषयाचा वास त्यात मिसळायला नको. शेवटचे काम सांगून बसतो. होळीनंतर देवळामागच्या दोन गल्ल्यांचे काम निघणार, असे झोन कार्यालयातून कळले आहे. तिथे एकोणचाळीस घरे आहेत, अकरा दुकाने, दोन शिवणकाम करणाऱ्या भगिनी आणि एक डायलिसिसला जाणारे गृहस्थ, आठवड्यातून दोनदा. दाराशी टेबलावर वही ठेवली आहे. त्या गल्ल्यांतल्या मंडळींनी जाताना आपले नाव, घरातली अडचण आणि दुकान असल्यास हंगामाचा महिना लिहून जावे. ज्यांना आपल्या नळाची लाईन कुठून येते हे ठाऊक आहे, अशा जुन्या माणसांनी कृपया पाच मिनिटे थांबावे. मला नकाशा काढायचा आहे.

गणपती बाप्पा मोरया!